ऐक म्हणणारी प्रार्थना

आमच्याकडे भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान कापायला येतो तेव्हा थंडी आधी तळपायांना कळते. बांध्यांतली, म्हणजे धानाच्या खाचरांतली, ओल अजून पुरती मुरलेली नसते. कापलेल्या धानाच्या कडपा जमिनीवर ओळीनं निजलेल्या असतात आणि त्यांचा गोडसर ओला वास कपड्यांत, उशीत, सकाळच्या चहातसुद्धा शिरतो. परवा संध्याकाळी आंधळगावच्या पुढे आमच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर गाव दिसेचना. तलावावरून उठलेलं धुकं घरांवर येऊन बसलं होतं. बांध्यांत रचून ठेवलेले धानाचे पुंजणे तेवढे दिसत होते, डोक्यावरून घोंगडं घेऊन उकिडवी बसलेली माणसं दिसावीत तसे. मी रस्त्यातच थांबले आणि कान दिला. कुठल्याशा घरातून एक आई पोराला जेवायला हाक मारत होती. पोरगं ‘आलो’ म्हणत होतं आणि येत नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले.

कारण एका कापणीत हे दोन्ही आवाज आमच्या गावातून नाहीसे झाले होते.

त्या हंगामात रामदास नावाचा एक शेतकरी आपल्या पुंजण्याची राखण करायला शेतात गेला आणि सकाळी तलावात सापडला. त्याची बायको संध्याकाळी त्याला भाकर द्यायला गेली होती. ती म्हणाली, धुक्यातून कुणीतरी त्याचं नाव घेतलं, त्यानं ‘ओ’ दिली आणि उठून चालायला लागला. तिनं एवढंच सांगितलं. बाकीचं गावानं सांगितलं. दुपारपर्यंत प्रत्येक घरात हाकामारी पोहोचली होती. हाकामारी म्हणजे तिन्हीसांजेला ओळखीच्या आवाजात बोलावणारी बाई. तिला जो ओ देतो तो तिचा होतो. दिवस मावळायच्या आत दारादारांवर खडूनं लिहिलं गेलं : ‘उद्या ये’. म्हणजे तिनं यायचं, वाचायचं, परत जायचं, आणि उद्या आल्यावर पुन्हा तेच वाचायचं. भूत साक्षर आहे हे गावानं बिनतक्रार मान्य केलं होतं.

“रामदासले हाकेनं नाही नेलं, मोहाच्या दारूनं नेलं,” बाबा म्हणाले. पण मी पाहिलं, हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता. गावात सगळेच तेव्हा खालच्या आवाजात बोलायला लागले होते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव गेले. त्यांच्या जागी कागद आले. जयंतीची पत्रकं, मोर्चाची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची, जातीच्या दाखल्यांची, रोजगार हमीची. बाबांनी ती गठ्ठे बांधून कणगीशेजारी रचून ठेवलेली असत. मला अक्षरओळख त्यांवरच झाली. त्यामुळे असेल, पण माझ्या मते वाक्य म्हणजे मागणी. ज्या वाक्यानं कुणाला काही करायला लावलं नाही ते कशाला लिहायचं, असं मला फार लहानपणापासून वाटतं. देवाचं नाव घ्यायचं नाही, हात जोडायचे नाहीत, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. घरात चपला काढून यायचं असतं, तसंच ते.

तर मी पत्रक लिहिलं. शीर्षक : ‘हाक आली तर ओ द्या’. मोहाडीहून छापून आणलं, आठवडी बाजारात वाटलं, पिठाच्या गिरणीवर चिकटवलं. गिरणीवाला काका अख्खं पत्रक वाचून म्हणाला, “लय बेस लिवलं पोरी. पण कसं हाये, तुहा कागद दिवसाचा, अन् हाक संध्याकाळची.”

संध्याकाळ. ती कशी असायची ते सांगायला हवं. कापणी करून बाया घरी निघायच्या तेव्हा उजेड राखेसारखा झालेला असायचा. एरवी ही वेळ सगळ्यात गोंगाटाची; एकीनं दुसरीला टोमणा मारायचा, तिसरीनं मागून ओरडायचं की माझा विळा राहिला, थांबा गं. त्या हंगामात त्या शेतबांधाच्या धुऱ्यावरून एकामागे एक येत, आणि प्रत्येकीनं पुढचीच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं असे. मागे राहिलेलीला हाक मारायची सोय नव्हती ना. धुक्यातून आधी विळे दिसायचे, मग पदर, मग तोंडं. बोलणं नाही. आया पोरांना थाळी वाजवून बोलवत. शेजारी शेजाऱ्याच्या दाराशी येऊन खाकरे, आणि आतला माणूस फटीतून बघून मगच कडी काढे. एकदा आमच्या गल्लीत कुणीतरी घसरून पडलं. पडल्याचा आवाज आला, कण्हण्याचा आला. शब्द एकही आला नाही. सकाळी कळलं, म्हातारा शिंपी होता. पाय मोडून तासभर नालीत पडला होता. हाक मारली तर लोक दार आणखी घट्ट लावतील हे त्याला माहीत होतं.

आणि या सगळ्या मुकेपणात रोज एक आवाज यायचा. गावाच्या टोकाकडून, तलावाच्या बाजूनं. बाईचा, थकलेला, पण सरळ. न कळणारे चार-सहा शब्द. शेवटचा इतका लांबवलेला की तो धुक्यात कुठे संपला हे सांगता येऊ नये.

त्या सिस्टरबाई. आंधळगावच्या बाजूच्या दवाखान्यांत आयुष्यभर नर्स होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मली, मीसुद्धा. मूळच्या रायगडच्या किनाऱ्याकडच्या, बेने इस्राएल. म्हणजे शेकडो वर्षं मराठी बोलत आलेले आपल्याकडचे यहुदी. नवरा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत होता. निवृत्तीनंतर दोघांनी इथे थोडी जमीन घेतली, आणि तो गेल्यावर त्याला त्याच जमिनीच्या कोपऱ्यात पुरलं. मुलगा इस्राएलात. तो बोलवत राहिला, या गेल्या नाहीत. दाराच्या उजव्या चौकटीवर त्यांनी पितळेची एक छोटी नळी तिरकी ठोकलेली होती. येता-जाता तिला बोटं लावत. आणि रोज सकाळ-संध्याकाळ उजवा हात डोळ्यांवर ठेवून ती प्रार्थना म्हणत. इतर वर्षी तिचा गावाला घड्याळासारखा उपयोग होता. शिस्टरबाईचं झालं, आता गाई बांधा. त्या वर्षी तोच आवाज आला की लोक कुत्र्यालासुद्धा घरात घेत.

त्यांची शेजारीण यशोदाबाई. मधे फक्त बेशरमाचं कुंपण. तिनं मला रस्त्यात गाठलं.

“काहून जातं वं त्या बुढीकडे रोज?”

“दम लागतो त्यांना. दूध नेऊन देते.”

“दूध देजो अन् दिवस बुडायच्या आंधी वापस येजो. ते तोंडावर हात ठेवून कोणाले बलावते, तुले मालूम हाये? मी त कानात बोटं घालून बसतो.”

“तुमची तिन्ही पोरं त्यांनीच काढली ना, मावशी?”

“काढली ना. म्हणून त भेव लागते. जे आणू शकते, ते नेऊ बी शकते.”

मी दूध घेऊन पुढे निघाले.

मी तो प्रश्न सिस्टरबाईंनाच विचारला. कुणाला बोलावता तुम्ही? त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, घोट्यांना सूज होती. हसल्या आणि हसताना खोकल्या. “मला वाटलं, तुझ्या बाबांसारखं तूही आधी विचारशील, देव कुठे आहे. तू बरा प्रश्न विचारलास.”

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. या प्रार्थनेचा पहिला शब्द आहे ‘शेमा’, म्हणजे ऐक. आणि गंमत अशी की तो देवाला उद्देशून नाही. तो माणसांना उद्देशून आहे : ऐक, इस्राएला, आपला परमेश्वर तो एकच. इतक्या प्रार्थना मी लाउडस्पीकरवरून ऐकल्या आहेत. सगळ्यांत देवाला सांगायचं असतं, हे दे, ते टाळ. ही काहीच मागत नाही. ही एका माणसानं दुसऱ्या माणसाला मारलेली हाक आहे. ‘एहाद’ या शेवटच्या शब्दाला, म्हणजे ‘एक’ला, श्वास पुरेल तितकं लांबवायचं. मग पुढचं : त्याच्यावर सगळ्या मनानं, सगळ्या जिवानं, सगळ्या ताकदीनं प्रेम कर. हे शब्द मुलांना शिकव. घरात बसलास तर बोल, रस्त्यानं चाललास तर बोल, निजताना आणि उठताना बोल. दाराच्या चौकटीवर लिही. त्या पितळी नळीत तेच लिहिलेलं होतं. गावाच्या मते ती नळी म्हणजे करणीचं बंधन. मी मात्र बाहेर येऊन गल्लीकडे बघितलं. एका दारावर लिहिलं होतं, ऐक. बाकी सगळ्या दारांवर, उद्या ये.

“डोळे कशाला झाकायचे पण?”

“समोरचं दिसेनासं व्हायला. डोळे झाकून मोठ्यानं म्हटलं ना, बाळ, की आपलाच आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो. आपल्याला कानांनी ऐकू यायला पाहिजे, असा नियमच आहे. मनात म्हणून भागत नाही.”

त्यांच्यात एक कहाणी सांगतात. फार पूर्वी कोकणाच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं. थोडी माणसं वाचली, पोथ्या बुडाल्या. माणसं गावांत पांगली, घाणे चालवू लागली, तेल काढू लागली. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बोली गेली, विधी विसरले. पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट राहिली, ही हाक. जन्माला हीच, लग्नाला हीच, मरणाला हीच. दुसरं काही येतच नव्हतं. ज्यांचं सगळं बुडालं त्यांच्याकडे एक वाक्य उरलं, आणि त्या वाक्यानं त्यांना माणसं म्हणून एकत्र धरून ठेवलं. पत्रकाकडून मी याहून जास्त कधी काय मागितलं होतं?

मी भांडलेही. पुढे एक भाग आहे, त्यात म्हटलंय की माझं ऐकाल तर वेळेवर पाऊस देईन, धान्य देईन. नाही ऐकलं तर आभाळ मिटेल. मी म्हटलं, हे मला मान्य नाही. ज्यांच्या बांध्या कोरड्या गेल्या त्यांनी काय पाप केलं होतं? पाऊस काय बक्षीस असतो?

“मलाही नाही पटत,” सिस्टरबाई म्हणाल्या. “म्हणून तो भाग मी भराभर उरकते.”

आणि शेवटच्या भागात रोज आठवायचं असतं की आपण गुलाम होतो आणि तिथून बाहेर पडलो. रोज. सुखात असतानाही. हे मला त्यांनी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरी हेच करतात, फक्त देवाचं नाव गाळून.

“बायकांवर या प्रार्थनेची सक्ती नाही आमच्यात,” त्या सहज म्हणाल्या. “म्हणून तर मी सोडत नाही.”

धुकं दिवसेंदिवस दाट होत गेलं. उभ्या धानात पेरलेली लाखोरीची डाळ कापणीनंतर उघडी पडली, तिचे कोवळे कोंब दवानं पांढरे दिसायचे, जसे काही बांध्यांचे केस पिकले. सिस्टरबाईंचा श्वास आखूड झाला. भंडाऱ्याला नेऊन आणलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि आमच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. त्या नर्स होत्या. त्यांना कळलं.

“मला एक भीती आहे,” त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. इतक्या साधेपणानं, जणू मीठ संपलंय. “आमच्यात माणूस जाताना ‘शेमा’ म्हणतो. ‘एहाद’वर प्राण जावा. त्याला जमत नसेल तर भोवतीचे म्हणतात. माझ्या भोवती कोण आहे? मुलगा म्हणतो फोनवर म्हणेन. इथे रेंज नसते, आणि मरण काही रेंज बघून येत नाही. मी अडले तर तू म्हणशील?”

मी लगेच उत्तर दिलं. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. मी म्हणाले, “सिस्टरबाई, मी देव मानत नाही. जे मानत नाही ते तुमच्या मरणाशी म्हणणं म्हणजे तुम्हाला फसवणं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. “मग?”

“मी ऐकेन. शेवटपर्यंत बसून ऐकेन. म्हणणार नाही.”

“चालेल,” त्या म्हणाल्या. पण त्यांचा हात चादरीवर काहीतरी शोधत राहिला.

त्यानंतर चार-दोन दिवसांनी दिवस कलता कलता त्यांना घरघर लागली. दूध घेऊन मी गेले तेव्हा त्यांचे ओठ निळसर होते. बाबा टॉर्च घेऊन माझ्या मागे आले, धुकं होतं म्हणून. गाडी सांगितली होती; ती मोहाडीहून धुक्यात चाचपडत येत होती. गल्लीतली दारं एकेक करून लागत गेली. कड्यांचे आवाज, आणि मग तेही थांबले. तलावावर टिटवी ओरडत होती ती गप्प झाली. खिडकीतून धुकं आत येऊन जमिनीलगत थांबलं होतं. त्यात खाटेचे पाय दिसत नव्हते.

सिस्टरबाईंनी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच पडला. मी तो उचलून धरून बघितला, तो राहीना. मग मी माझा तळहात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. पापण्या गरम होत्या. त्या म्हणायला लागल्या. ‘शेमा’ स्पष्ट आला. पुढचे शब्द श्वासाच्या कडेकडेनं. एकेक शब्दामध्ये इतकं अंतर की मला वाटे, झालं. आणि मग पुढचा यायचा. शेवटच्या शब्दापाशी त्या थांबल्या. तोंड उघडं होतं. जीभ जागेवर होती. श्वास नव्हता. माझ्या हाताखाली त्यांचे डोळे उघडले, मला पापण्यांचे केस तळहाताला टोचल्याचं कळलं. त्या वाट बघत होत्या.

माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. हे मला नक्की आठवतं.

आणि बाहेरून, कुंपणाच्या पलीकडून, धुक्यातून तो शब्द आला. एहाद. बाईचा आवाज. अगदी तसाच लांबवलेला, रोज सांजेला येई तसा, कुठे संपला हे न कळणारा. सिस्टरबाईंच्या चेहऱ्यावरची सगळी ओढ एकदम सुटली. पापण्या माझ्या हाताखाली मिटल्या. पुढचा श्वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. दिवसा कुणी भीत नव्हतं. मुलाला यायला दोन दिवस लागणार होते. त्यानं फोनवरून सांगितलं, थांबू नका, आमच्यात लवकर करतात. ज्यांना त्यांनी जगात आणलं होतं त्यांनीच नवऱ्याशेजारी खड्डा खणला. यशोदाबाई मोठ्यानं रडली. मी तिला बाजूला घेतलं आणि तिचे दोन्ही हात धरले. मला तिचे आभार मानायचे होते. त्या अख्ख्या हंगामात तिन्हीसांजेला आवाज काढायचं धाडस करणारी ती एकटी होती, आणि इतकी वर्षं कुंपणापलीकडून ऐकून ऐकून तिला तो शब्द पाठ झाला होता, या विचारानं मला रात्रभर भरून येत होतं.

तिनं हात सोडवून घेतले. “म्या नाही म्हटलं, बाई. मी त आंदर होतो. कडी लावून, बोटं कानात घालून. पोरांले इचार.”

पोरांनी तेच सांगितलं. मी तिच्या पलीकडच्या घरी विचारलं, त्याच्या पलीकडच्या घरी विचारलं. कुंपणाकडे कुणी गेलं नव्हतं. काहींनी आवाज ऐकला होता. “शिस्टरबाईचाच त होता,” ते म्हणाले. मी चिडले. मेलेल्या बाईचा आवाज बाहेरून येत नसतो. माणसं भितात, आणि भिणारी माणसं केलेलं चांगलंही नाकारतात, असं पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मी मनात तयार केलं. त्यासाठी फक्त एक नाव हवं होतं.

बाबा धुऱ्यावर बसून बिडी ओढत होते.

“काहून इचारत फिरून राहिली गावभर?”

“कोण होतं ते कळायला पाहिजे, बाबा. कुणी म्हटलं ते.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं. “तूच म्हणाली ना, बेटा. मी दारात उभा होतो. तुहा हात तिच्या डोळ्यांवर होता. डोळे मिटले होते तुहे, अन् तोंड उघडं होतं. मले वाटलं, म्हणू द्या. बुढीचं समाधान.”

“मी नाही म्हणाले.”

“बरं,” बाबा म्हणाले.

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत दारांवरचं खडूचं लिहिणं दवानं फिकट झालं. कुणीतरी विसरून कुणाला तरी हाक मारली, कुणीतरी विसरून ओ दिली, आणि गाव पुन्हा बोलायला लागलं. हे माझ्या पत्रकामुळे झालं नाही, हेही मला माहीत आहे.

मी पुराव्यावर वाढलेली मुलगी आहे. बाबा खोटं बोलत नाहीत आणि भूत मानत नाहीत. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे फक्त माझे कान आहेत. तेव्हा मी मान्य केलं आहे, तो शब्द मीच म्हटला, आणि म्हटला याचं मला आता वाईटही वाटत नाही. ज्या गावात कुणी ओ देत नव्हतं त्या गावात एका माणसाची हाक अर्धी राहिली नाही, एवढं मला पुरतं. फक्त ते म्हणताना मी कुंपणाच्या पलीकडे, धुक्यात कशी उभी होते, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.